गरम हातांचे सर

आमच्या सरांच्या हातात कायम चहाचा स्टीलचा ग्लास असायचा, आणि त्यांना चहा पिताना मी एकदाही पाहिलं नाही. चंद्रपूरचा मे महिना म्हणजे काय ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, माणसं डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून फिरतात. अशात हा माणूस वाफाळता ग्लास दोन्ही तळव्यांत धरून वॉर्डात शिरायचा. पेशंटच्या खाटेशी पोचला की ग्लास नातेवाइकाच्या हातात द्यायचा, "घ्या भाऊ, प्या तुम्ही," म्हणायचा आणि शेकलेले हात पेशंटच्या पोटावर ठेवायचा.

"थंडा हात लावला का पोट दचकते," ते म्हणायचे. "दचकलेलं पोट काईच सांगत नाई."

"पण सर, उन्हाळ्यात हात थंड कसे असतील?" आमच्यातल्या घुग्घुसच्या पोरानं एकदा विचारलं.

"तुले कोणं सांगतलं गा? तू धरून पाहिला का माझा हात?" त्या पोरानं खरंच धरला. म्हणाला, बर्फ आहे बर्फ! तेव्हापासून आम्ही ग्लासावर हसणं बंद केलं.

कॉलेज कुठलं ते विचारू नका, मी सांगणार नाही. खासगी होतं, चंद्रपूरपासून फार लांब नव्हतं, आणि इमारत अशी की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. मी सावली तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातून डॉक्टरकीला गेलेली पहिलीच पोरगी. सर मेडिसिनचे प्रमुख. त्यांनी एकाही विद्यार्थ्याचं नाव कधी लक्षात ठेवलं नाही, गावावरून हाक मारायचे. "ए घुग्घुस, इकडे ये. ए कोरपना, झोपली का? ए सावली, हात लाव." पुण्याहून आलेल्या एका मुलाला हा फार अपमान वाटायचा. त्याला ते नुसतं "ओ पाहुणे" म्हणायचे.

पहिल्या दिवशी माझ्याशी बोलायच्या आधी त्यांनी अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली. ना विचारलं, ना सांगितलं. मी एवढी संतापले की हात झटकून टाकला. "पांढरीफटक हायेस," ते म्हणाले. "रक्त नाई अंगात. डॉक्टर व्हाच्या आधी मरशीन ना!" असं कोणी पहिल्या भेटीत बोलतं का, सांगा? मी हॉस्टेलवर जाऊन रडले. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं, तर त्यांचं बरोबर होतं. माझी आणखीच चिडचिड झाली.

हा पापणी ओढायचा नाद त्यांना कुठंही सुटत नव्हता. एसटीत कंडक्टरची, पानठेल्यावर पानवाल्याची, एकदा तर डीनच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाची! मी स्वतः तिथं होते. नागपूरला मोठ्या लॉनवर लग्न, स्टेजवर फुलांचा पसारा, फोटोवाला "सर, इकडे बघा" म्हणतोय. सर स्टेजवर चढले, नवरदेवाचा हात हातात घेतला आणि सोडेचनात. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवर आला. ते नाडी मोजत होते. मग त्यांनी नवरदेवाची पापणी खाली ओढली आणि अख्ख्या लॉनला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगा पिवळा हाये. कावीळ झाली याले." डीनबाईंचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. सर आरामात खाली उतरले आणि जिलेबीच्या काउंटरवर गेले. पोराला कावीळच होती. फिरायला जायची तिकिटं रद्द झाली. डीननी सरांशी बोलणं टाकलं. सरांना ते कळलंसुद्धा नाही, कारण तेही डीनशी कधी बोलत नसत.

परीक्षेतला त्यांचा प्रकार तर ऐकाच. मेडिकलच्या प्रॅक्टिकलला पेशंट बोलावलेले असतात, आणि त्यांच्यातले काही दरवर्षीचेच असतात. एक म्हातारबुवा होते, पोटात प्लीहा वाढलेली. पोरं हळूच विचारायची, "बाबा, काय हाये सांगा ना." बाबा सांगायचे, पोरं पाठ केलेलं घडाघडा म्हणायची, पास व्हायची. सगळ्या कॉलेजांत चालतं हे. आमच्या सरांनी काय करावं? परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबांना बसवून खोटं बोलायला शिकवलं. "कोणी विचारलं तर डावीकडं नाई, उजवीकडं सांगा. लिव्हर म्हणा." दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गानं नसलेलं लिव्हर चार बोटं वाढवून ठेवलं! त्यात आमचा टॉपर होता. घुग्घुसवाला तेवढा म्हणाला, "सर, उजवीकडं मले काईच नाई लागलं." सरांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचा चष्मा पडला. लिव्हरवाले सगळे नापास. त्यांच्या आईबापांनी मॅनेजमेंटकडं तक्रारी केल्या, आणि पुढच्या वर्षी सरांना परीक्षक नेमलं नाही.

मॅनेजमेंट म्हणजे मालकांचे साळे. त्यांना आम्ही मॅनेजरसाहेब म्हणायचो. हसतमुख माणूस, सगळ्यांशी गोड. वॉर्डात पेशंट नाहीत, औषधं बाहेरून आणावी लागतात, ऑपरेशनचे डॉक्टर आठवड्यातून एकदा दिसतात, हे सगळं त्यांना माहीत होतं. जिल्हा कसा आहे, तर घरोघरी सिकलसेल, पावसाळ्यात मलेरिया, बायांच्या अंगात रक्ताचा थेंब नाही. आणि आमच्या एवढ्या मोठ्या हॉस्पिटलातल्या खाटा रिकाम्या! माणसं एकदा यायची, बाहेरून आणायच्या औषधांची चिठ्ठी बघायची आणि पुन्हा फिरकायची नाहीत. कॉलेजच्या मान्यतेचं इन्स्पेक्शन आलं की मात्र खाटा भरायच्या. आजूबाजूच्या गावांतून बसनं माणसं आणायची, दिवसाची रोजी, दुपारचं जेवण, संध्याकाळी परत. दूरच्या शहरांतून मोठे डॉक्टर त्या दिवसापुरते यायचे, आमचे प्रोफेसर म्हणून बसायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरं वाटेना. सीनियर म्हणाले, "अगं, सवय होते."

माझी इंटर्नशिप चालू असताना पुन्हा इन्स्पेक्शन आलं. मागच्या वेळी जेवणात आंबलेलं वरण दिलं होतं, म्हणून जवळच्या गावांतल्या लोकांनी यायला साफ नकार दिला. ठेकेदारानं मग बस लांब पाठवली, धानपट्ट्यात. रोवणी आटोपलेली, बायका घरी रिकाम्या. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हा इंटर्नना सकाळी वॉर्ड वाटून दिले. नव्या चादरी, फिनाइलचा वास, आणि प्रत्येक खाटेवर एकेक बाई, तिला काय आजार आहे तो ठेकेदारानं बसमध्येच पढवलेला. मी बायकांच्या वॉर्डात शिरले आणि खिडकीजवळच्या खाटेवर माझी माय!

हिरवी चादर छातीपर्यंत ओढून, केसांना तेल लावून, चापूनचोपून विंचरून निजलेली. मी डोळे चोळून पाहिलं.

"माय? तू इथी?"

"हळू बोल वो! तू मले वळखत नाई, असं कर."

"अवं पण तू काऊन आली?"

"सगळ्या आल्या मोहल्ल्यातल्या. गाडी तुह्याच कालेजची हाये म्हणून कळलं, मग मीबी बसली. तुले पांढऱ्या कोटात पाहाचं होतं मले." तिनं मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि तिचं तोंड फुललं. "चांगली दिसते. जाय आता. मले पोटदुखी हाये."

"खरंच दुखते का पोट?"

"नाई वो! ठेकेदारानं सांगतलं. पोटाचंच सांगाचं, दुसरं काई सांगाचं नाई. बाजूची तापवाली हाये, ते पल्याडची कंबरवाली."

हसावं की रडावं? बाजूची तापवाली म्हणजे आमच्या शेजारची काकू, तिनं चादरीतून मला डोळा मारला. मी हसले, खोटं कशाला सांगू. त्या बायकांना ती सहलच झाली होती.

त्या दिवशी सरांनी केबिनबाहेर पडू नये, असं मॅनेजरसाहेबांनी त्यांना हात जोडून सांगितलं होतं. तपासणीला तीन जण आले, दोन पुरुष आणि एक बाई. ते वॉर्डात शिरून खाटा मोजायला लागले, तेवढ्यात मागून सर आले. हातात ग्लास!

"अरे वा," ते म्हणाले, "आज पेशंट हायेत." आणि पहिल्या खाटेपासून सुरू झाले. पापणी, नखं, मान, काख, पोट. त्यांची रीतच ती. एकही पायरी ते कधी गाळत नसत. तपासणीवाले घड्याळ बघताहेत, मॅनेजरसाहेबांना घाम फुटलाय, पण बाहेरच्यांसमोर त्यांना अडवणार कसं? सगळ्यांना माहीत होतं, या निरोगी बायका आहेत. अहो, निरोगी! तापवाल्या काकूला ताप नव्हता, पण तिची प्लीहा सरांच्या हाताला थेट बेंबीपाशी लागली. कंबरवालीचं ब्लडप्रेशर इतकं की सिस्टरनं मशीन बिघडलं म्हणून दुसरं आणलं. एका पोरीची पापणी ओढली तर कागदासारखी पांढरी. सर नुसते पुढं सरकत होते. माझं हसू कधीच गेलं होतं. हे सगळं खोटं असायचं ना, हे खरं कसं निघतंय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग सर खिडकीजवळच्या खाटेपाशी आले. मायनं ठेकेदारानं शिकवल्याप्रमाणे पोट धरलं आणि कण्हली. फार छान कण्हली. सरांनी पोटावर हात ठेवला. "पोट चांगलं हाये, बाई." मानेवर हात फिरवला, मग काखेत. काखेत त्यांचा हात थांबला. बराच वेळ थांबला.

"पडदा लावा," ते म्हणाले. "ए सावली, आत जा. छाती तपास. सिस्टर, तुम्ही संग राहा." स्वतः पडद्याबाहेर उभे राहिले. तपासणीतल्या बाई माझ्याबरोबर आत आल्या. ही माझी माय आहे, हे सरांना माहीत नव्हतं.

मायनं पोलक्यावर दोन्ही हात गच्च धरले. "तिथी नाई दुखत. माह्यं पोट दुखते," ती मला म्हणाली. मला, तिच्या पोटच्या पोरीला! मी तिचे हात बाजूला केले आणि हात लावला.

बाहेरून सरांचा आवाज आला, रोजच्या शिकवण्याच्याच सुरात. "सांग. कोणती बाजू?"

"उजवी, सर. वरच्या बाजूला."

"केवढी?"

"लिंबाएवढी."

"कडक का मऊ?"

"कडक."

"हलते?"

"नाही सर. खाली धरलेली आहे."

"वरची चामडी?"

"ओढलेली आहे, सर."

मी सगळं बरोबर सांगितलं. कसं सांगितलं, मला आजही कळत नाही. तपासणीतल्या बाईंनी मान डोलावली आणि पडद्याबाहेरच्या दोघांना म्हणाल्या, "इंटर्न चांगल्या तयार केल्यात यांनी."

तेव्हा मी म्हणाले, "सर, ही माझी माय आहे."

आणि त्यावर सगळ्यांत आधी कोण बोललं माहीत आहे? मॅनेजरसाहेब. हसऱ्या आवाजात, तपासणीवाल्यांना. "बघा साहेब, आमच्या विद्यार्थ्यांचे नातेवाईकसुद्धा आमच्याकडंच उपचार घेतात."

मी डॉक्टर होऊन पुष्कळ काही पाहिलं आहे, पण त्या वाक्याएवढा धक्का मला कशानंच बसला नाही. पडदा फाडून बाहेर जावं आणि त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. माझे हात मात्र मायच्या अंगावरून उठेनात.

सर आत आले. मायच्या अंगावर चादर नीट ओढली आणि खाटेच्या कडेला बसले. त्यांना असं बसलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. "बाई, गाठ कवापासून हाये?"

मायनं दाराकडं पाहिलं. ठेकेदार तिथं उभा होता. "पोटाचंच सांगाचं होतं ना भाऊ?" तिनं त्याला विचारलं.

"त्याले सोडा. मले सांगा."

"दोन दिवाळ्या झाल्या. पण डॉक्टरसाहेब, ते दुखत नाई. दुखतच नाई त कायले सांगाचं? अन् पोरीच्या परीक्षा होत्या."

सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. बरं केलं.

तपासणीवाले समाधानानं गेले. वॉर्ड भरलेला, पेशंट अस्सल, प्राध्यापक स्वतः तपासतात, विद्यार्थ्यांना शिकवतात! कॉलेज पास झालं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. त्यांच्या गाड्या फाटकाबाहेर गेल्या, त्यांच्यामागून एका दिवसापुरते आलेले मोठे डॉक्टर विमानतळाकडं निघाले, त्यात सर्जरीचे प्रमुखही. चादरी गोळा व्हायला लागल्या. ठेकेदार ओरडला, "चला बायांनो, गाडीत बसा."

सर मॅनेजरसाहेबांना म्हणाले, "या जाणार नाईत. या बिमार हायेत."

"सर, उद्या वॉर्डात ना सिस्टर आहे, ना औषध. ठेवून करू काय यांचं? तुम्हीच सांगा."

ते खरंच होतं. सर सरळ बसमध्ये चढले आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसले. "चाल गा. सरकारी दवाखान्यात घे."

"सर, मले गावाले सोडाचा हुकूम हाये."

"गाव कुठी पळून राह्यलं? आधी दवाखाना."

बसमध्ये एकच गलका झाला. कोणाची गाय दोहायची होती, कोणाचं लेकरू घरी. कंबरवाली तर भडकलीच. "रोजी देतो म्हणून आणलं अन् आता बिमारी देऊन राह्यले का आमाले?" सर मागं वळले आणि पहिल्यांदाच कोणाला तरी विनवताना दिसले. "बाई, बिमारी मी नाई दिली. तुम्ही संग घेऊन आल्या. मी फक्त पाहिली." मी मायशेजारी बसले होते. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि अजूनही पोटच धरून होती.

सरकारी दवाखान्यातला तरुण डॉक्टर बसभर बायका उतरताना पाहून उभाच राहिला. "सर, ॲक्सिडेंट झाला का?" सर म्हणाले, "नाई गा. इन्स्पेक्शन झालं."

दुसऱ्या दिवशी केबिनवरची सरांच्या नावाची पाटी निघालेली होती. ते वैनगंगेपलीकडं, गडचिरोलीच्या बाजूला एका लहानशा दवाखान्यात जाऊन बसले. मायचं ऑपरेशन नागपूरला झालं. मग औषधाच्या बाटल्या, उलट्या, केस गेले, आठवडेच्या आठवडे नुसती पेज. वाचते की नाही, असे दिवस गेले. सर अधूनमधून फोन करायचे. "ए सावली, माय जेवली का?" एवढंच विचारायचे. वाचली माय. डोक्यावर बोटभर केस उगवले तसा तिनं मोहल्ल्यात प्रचार सुरू केला, की ते गाडी पुन्हा आली का सगळ्याईनं बसा, तिथी डॉक्टर खरंच हात लावून पाहाते. सर आता तिथं नाहीत, हे तिच्या गावीही नव्हतं.

आणि बस पुन्हा आली. कॉलेजच्या जागा वाढवायच्या होत्या, म्हणून पुन्हा इन्स्पेक्शन. मी तेव्हा सिरोंच्याकडं नोकरीला लागले होते. सकाळीच मायचा फोन आला. ती जाम चिडली होती. गावातली दुखणेकरी माणसं पहाटेपासून रस्त्यावर येऊन बसली होती, शेजारच्या गावांतलीही. कोणी खाटेवर घालून आणलेलं, कोणी पोराच्या खांद्यावर हात टाकून आलेलं. आणि ठेकेदारानं त्यांच्यातल्या एकालाही बसमध्ये घेतलं नाही. त्याला धडधाकट माणसं पाहिजे होती. दिवसभर मुकाट निजणारी, मध्येच न खोकणारी, मागच्यासारखा घोळ न करणारी. तशी त्यानं निवडून भरली आणि गाडी निघून गेली.

"तूच सांग वो," माय म्हणाली, "तू डॉक्टर हायेस. दवाखान्याले बिमार माणूस चालत नाई का?"

मी फोन ठेवला आणि सरांना लावला. मायचं वाक्य जसंच्या तसं त्यांना सांगितलं.

"गाव कोणतं?" ते म्हणाले. गावाचं नावही त्यांना नीट आठवत नव्हतं, तालुकाच माहीत. मी सांगितलं. "त्या लोकाईले म्हणा, घरी जाऊ नका. तिथीच बसा. मी येऊन राह्यलो."

दुपारच्या एसटीनं ते पोचले. शाळेच्या ओट्यावर बसले आणि तपासायला लागले. संध्याकाळी मी मायला फोन केला, झालं का म्हणून विचारलं. तिचा राग पार उतरला होता आणि आवाज घाबराघुबरा झाला होता.

"कायचं होते वो! पल्याडच्या गावाईतून लोक येऊनच राह्यले. इतके बिमार लोक आपल्या भागात हायेत, हे मलेबी माहीत नव्हतं."